भिंतीवरचं म्युरल नेमकं कोणाचं? घरमालकाचं, पेंटरचं की त्याच्यासमोर रील काढणाऱ्याचं?

जीएमआरटी दुर्बिणीमुळे जगभर नाव झालेल्या खोडदपासून मुंबईतल्या वांद्र्यापर्यंत कुठेही जा, रंगवलेली भिंत दिसतेच. गावात झेडपी शाळेच्या 'बोलक्या भिंती' असतात, सिमेंट-पाइपच्या जाहिराती असतात आणि खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि मोबाइल नंबर. शहरात त्याच कामाला 'म्युरल' म्हणतात आणि नंबरच्या जागी इन्स्टाग्राम हँडल येतं.

ही दोन जगं वाटतात तितकी लांब नाहीत. रणजित दहिया हरियाणातल्या गावात भिंतींना चुना मारायची कामं करायचे. पुढे ते चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या एनआयडीत शिकले. 2012 मध्ये त्यांनी मुंबईत 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवरचे भलेमोठे दादासाहेब फाळके त्यांनीच 2014 मध्ये रंगवले. पुण्यात कसबा पेठेतल्या जुन्या भिंतींवर हर्षवर्धन कदम यांनी 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट'मधून काम केलं. त्याआधी 2009 मध्ये मुंबईत सेनापती बापट मार्गालगतची लांबलचक भिंत महापालिकेच्या परवानगीने शेकडो लोकांनी मिळून रंगवली होती.

परवानगीचा मुद्दा साधा नाही. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरोधात 1995 चा कायदा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी भिंत रंगवली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चित्र सुंदर आहे, ही सबब पुरत नाही.

परवानगी मिळाली की भिंत घासून प्रायमर मारायचा, चौकटी आखून किंवा रात्री प्रोजेक्टर लावून रेषा उतरवायच्या आणि परांचीवर चढून बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग भरायचा. नंतर ऊन आणि पाऊस आपलं काम करतातच.

मग चित्रावर हक्क कोणाचा?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. पण कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याकडे जातो. तोंडी व्यवहारावर भिंती रंगवणाऱ्यांना हे कलम सगळ्यात महागात पडतं, आणि आपल्याकडे बहुतेक भिंती तोंडी व्यवहारावरच रंगतात.

तरीही कलम 57 मधले दोन हक्क चित्रकाराकडे उरतात. चित्र माझं आहे असं तो सांगू शकतो आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर ती अडवू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं म्युरल घडवलं होतं. सरकारने ते 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सहगल यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

आता तुमच्या फोनचं बघू. म्युरलसमोर स्वतःसाठी सेल्फी काढायला कायद्याची आडकाठी नाही. सार्वजनिक जागी कायमची असलेली कलाकृती व्हिडिओत आली तर त्यालाही कायद्यात सूट आहे. फोटोचा नियम मात्र वेगळा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या शिल्पाचा फोटो छापायला स्पष्ट सूट आहे, तशी सूट रंगवलेल्या चित्राला नाही. त्यामुळे म्युरलचा फोटो टी-शर्टवर छापून विकणं किंवा ब्रँडच्या पोस्टरवर टाकणं अंगाशी येऊ शकतं.

एका विमा कंपनीच्या बाबतीत तसंच झालं. मेक्सिकोच्या पाओला डेल्फिन यांचं 'ह्युमॅनिटी' हे मुंबईतलं म्युरल ॲको कंपनीच्या होर्डिंगवर दिसलं आणि स्टार्ट इंडिया फाउंडेशन कोर्टात गेलं. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने होर्डिंग म्हणजे जाहिरातच आहे, असं प्रथमदर्शनी मत नोंदवून त्याच्या सोशल मीडिया पोस्ट काढायला सांगितल्या. हा आदेश अंतरिम होता. पण 'रस्त्यावर आहे म्हणजे फुकट आहे' हा समज किती कच्चा आहे, ते त्यातून दिसलं.

सगळ्यात कमकुवत बाजू आहे ती भिंत पडण्याची. दिल्लीच्या प्रगती मैदानातली 'हॉल ऑफ नेशन्स' ही वास्तू 2017 मध्ये पाडली गेली, तेव्हा वास्तुरचनाकार राज रेवाल यांनी याच कलम 57 चा आधार घेतला. 2019 मध्ये न्यायालयाने मालकाचा पाडण्याचा हक्क वरचढ ठरवला. तो निकाल वास्तूबद्दल होता, म्युरलबद्दल नव्हे. तरी पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीवरचं चित्र वाचवायला चित्रकाराकडे फारसं काही उरत नाही. 'पाडण्याआधी कळवा' एवढी ओळ करारात घालून घेतली असेल, तर निदान शेवटचे नीट फोटो काढायला वेळ मिळतो.