वेग, वारा आणि पेट्रोल : मिश्रणाच्या हिशेबाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास आपण सहसा शोधकांचा इतिहास म्हणून वाचतो. कोणी काय शोधले, कोणत्या साली पेटंट घेतले, कारखाना कोठे निघाला, एवढे कळले की आपले समाधान होते. परंतु यंत्र कारखान्याबाहेर पडल्यावर त्याचे एक दुसरे आयुष्य सुरू होते. ते विकत घेणारा माणूस त्याच्याशी झगडतो, त्याला बदलतो, त्याच्याकडून निर्मात्याने कल्पिलेले नसेल असे काही करवून घेतो. या दुसऱ्या आयुष्याचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. मोटारसायकलचे इंजिन अधिक ताकदवान केल्यावर त्याच्या इंधनाचा हिशेब पुन्हा कसा बसवला जात असे, हा त्यातलाच एक लहानसा अध्याय आहे. विषय गॅरेजमधला असला तरी त्यातले प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नयेत. खुणा वाचायच्या कशा, ज्ञान लिहून ठेवायचे कसे आणि ते कोणाच्या हाती असावे, असे ते प्रश्न आहेत.

मूळ गोष्ट साधी आहे. पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवा लागते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मात्र इंजिनातून जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे अधिक द्यावे लागते, म्हणजे प्रमाण साडेबारा-तेराच्या आसपास आणावे लागते. पेट्रोल कमी पडले की मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि प्रसंगी पिस्टनला भोक पडते किंवा तो सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण दाट होते, धूर येतो, काजळी धरते आणि ताकद घटते. या दोन टोकांमधल्या अरुंद पट्टीत इंजिनाला ठेवण्याचे काम कार्बोरेटरकडे होते. १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी अशा उपकरणाचे पेटंट घेतले. त्याच साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांचा फवारा उडवणारा कार्बोरेटर पुढे आला. अरुंद नळीतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हे तत्त्व अठराव्या शतकातच बेर्नुली आणि वेंतुरी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले होते. कमी झालेल्या या दाबामुळे पेट्रोल एका बारीक भोकातून ओढले जाते. त्या भोकाच्या तुकड्याला जेट म्हणतात. पुढच्या सगळ्या कारागिरीचा केंद्रबिंदू हे बारीक भोक आहे.

१९०७ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रुकलँड्सची धावपट्टी सुरू झाली आणि वेगाची स्पर्धा हा एक व्यवसायच बनला. कारखान्यातून आलेले इंजिन अधिक वेगवान करून देणारे कारागीर, म्हणजे ट्यूनर, या वातावरणात पुढे आले. १९२७ साली तीन जुन्या उत्पादकांच्या एकत्रीकरणातून बर्मिंगहॅमची अमल ही कंपनी उभी राहिली आणि नंतरच्या काही दशकांत बहुसंख्य ब्रिटिश मोटारसायकलींवर तिचेच कार्बोरेटर दिसू लागले. अमलच्या सूचनापत्रकांनी जेट बसवण्याचा एक ठराविक क्रम रूढ केला. आधी मुख्य जेट, मग मंद गतीचा पायलट जेट, मग थ्रॉटलच्या झडपेचा तिरका काप, मग सुईची उंची आणि शेवटी पुन्हा पायलट जेट. पूर्ण थ्रॉटलला मुख्य जेटचे राज्य, मधल्या टप्प्यात सुईचे, अगदी सुरुवातीला पायलटचे. एक टप्पा दुरुस्त करताना शेजारचा बिघडतो, म्हणून शेवटी पहिल्यांपैकी एकाकडे परत यावे लागते. अनुभवातून आलेले शहाणपण थोडक्या शब्दांत कसे बांधता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

आता इंजिनात बदल झाला की काय होते? सिलिंडर मोठा केला, झडपा रुंद केल्या, कॅम बदलला, मोकळा सायलेन्सर लावला, तर इंजिन पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीने श्वास घेऊ लागते. एअर फिल्टर काढून टाकला तर हवेला अडथळा उरत नाही, जेटवरची ओढ कमी होते आणि हवा वाढूनही पेट्रोल त्या मानाने वाढत नाही. मिश्रण विरळ होते. ज्याने इंजिनाची ताकद वाढवली पण जेट तसाच ठेवला, त्याने खरे तर इंजिनाच्या नाशाची तयारी केली. टू-स्ट्रोक इंजिनात हा धोका अधिक असतो. भर वेगात पिस्टन अडकला की मागचे चाक जागच्या जागी थांबते आणि स्वाराच्या जिवावर बेतते. जेटचा नंबर निवडण्याच्या कामात एवढे पणाला लागलेले असे.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे कळण्यासाठी या कारागिराकडे फारशी उपकरणे नव्हती. पूर्ण थ्रॉटलला गाडी पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबायचा, गाडी थांबली की स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहायचा, ही त्याची परीक्षा. पांढुरका रंग म्हणजे मिश्रण विरळ; काळी काजळी म्हणजे दाट; बदामी-तपकिरी छटा म्हणजे ठीक. पेट्रोलमधून शिसे गेल्यावर या रंगांची भाषाही बदलली, जुन्या नजरेला ती फसवू लागली. खूण कायम राहते पण तिचा अर्थ काळाबरोबर सरकतो, हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

हे ज्ञान बराच काळ हातातून हातात जात राहिले. ते ग्रंथात आणणाऱ्यांमध्ये फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. व्हिन्सेंट मोटारसायकलींच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ज्या रेप्को इंजिनाच्या जोरावर जॅक ब्रॅबहॅम १९६६ चे फॉर्म्युला वन विजेते ठरले, त्याच्या रचनेतही आयर्विंग होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्यूनिंग फॉर स्पीड’ या त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ज्याला कारखान्याचा दरवाजा बंद होता, त्या सामान्य स्वाराच्या हाती अशा पुस्तकाने एक संपूर्ण विद्या दिली. आपल्याकडे तांत्रिक लेखनाला वाङ्मयाच्या इतिहासात जागा मिळत नाही. पण एखाद्या विद्येचे लोकशाहीकरण करणारे गद्य म्हणून अशा पुस्तकांचा विचार व्हायला हवा.

या परंपरेतला सर्वांत विलक्षण माणूस न्यूझीलंडचा. इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली इंडियन स्काऊट मोटारसायकल घेतली. सुमारे ६०० सीसीच्या या गाडीचा मूळ वेग ताशी ५५ मैल होता. मन्रो यांनी पुढची कित्येक दशके ती बदलण्यात घालवली. पिस्टन स्वतः ओतले, इंजिन सुमारे ९५० सीसीपर्यंत वाढवले आणि मोडलेले भाग वेगाच्या देवाला वाहिलेल्या भेटी म्हणून फळीवर मांडून ठेवले. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम केला. गणनेतील चूक लक्षात आल्यावर २०१४ साली तो आकडा १८४.०९ असा सुधारण्यात आला. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १२८५ मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रकाठापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे समुद्राजवळच्या गावात अचूक बसवलेले मिश्रण तेथे आपोआप दाट होते. घरी केलेला हिशेब मैदानावर पुन्हा मांडावा लागतो.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’चा निवेदक प्रवासात प्लग काढून पाहतो. ते काळे दिसतात, मिश्रण दाट असल्याचे त्याला कळते आणि तो एकेक कारण तपासू लागतो. साहित्याच्या वर्गात या पुस्तकातील तत्त्वचर्चेवर भर दिला जातो आणि प्लगचा तपशील सजावट समजून ओलांडला जातो. माझ्या मते तो गाभा आहे. गुणवत्तेविषयीचे पर्सिग यांचे सगळे चिंतन नजर देऊन काम करणाऱ्या माणसाच्या या कृतीवर उभे आहे.

१९८० साली कावासाकीने इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण असलेली मोटारसायकल बाजारात आणली आणि हळूहळू जेटची जागा आकड्यांच्या तक्त्याने घेतली. थ्रॉटल किती उघडा, इंजिनाचे फेरे किती, त्यानुसार पेट्रोल किती सोडायचे हे संगणकाच्या स्मृतीत लिहिलेले असते. ‘आता गाडी आपले आपण जुळवून घेते’ असा समज रूढ आहे, पण तो अर्धाच खरा. धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर संथ चालीत मिश्रण १४.७ च्या आसपास ठेवतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र बहुतेक गाड्या लिहिलेल्या तक्त्याप्रमाणेच चालतात. इंजिनात मोठा बदल केला तर तो तक्ता पुन्हा लिहावाच लागतो.

आणि येथेच खरा संघर्ष उभा राहतो. धुरातील विषारी वायू निष्प्रभ करणाऱ्या उपकरणाला १४.७ चे प्रमाण हवे असते; वेगाला तेरा हवे असतात. शहराच्या हवेचे हित आणि स्वाराची हौस यांच्यामध्ये हे एवढेसे अंतर आहे. २०१६ साली अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसन कंपनीने असा तक्ता बदलणारी उपकरणे विकल्याच्या आरोपावरून सरकारशी तडजोड केली आणि १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला.

आपल्या रस्त्यांवर मात्र या इतिहासाचा एक विपर्यस्त अवशेष ऐकू येतो. बुलेटचा सायलेन्सर बदलून ‘फटाके’ फोडणे हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाते. थ्रॉटल सोडल्यावर येणारा तो आवाज पुष्कळदा विरळ मिश्रण इंजिनात न जळता सायलेन्सरमध्ये पेटल्याचा असतो. ब्रुकलँड्सच्या ट्यूनरने तो आवाज ऐकून गाडी थांबवली असती. आपण त्यासाठी पैसे मोजतो. बदल करण्याची हौस उरली आणि बदलाचा हिशेब करण्याची विद्या गळून पडली.

यावर सगळे बदल बंद करावेत हे एक उत्तर आहे, आणि मोटार वाहन कायद्याचा रोख बऱ्याच अंशी तोच आहे. दाट वस्तीच्या शहरांत राहणाऱ्यांना तो अन्याय्य म्हणता येणार नाही. श्वास सर्वांनाच घ्यायचा असतो. तरीही यंत्राचा तक्ता केवळ निर्मात्यालाच वाचता यावा, ही व्यवस्थाही निर्धोक नाही. जे वाचता येत नाही त्याची दुरुस्ती करता येत नाही, आणि त्याच्या निर्मात्याने केलेली लबाडीही ओळखता येत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे २०१५ साली उघड झालेले प्रकरण त्याचाच दाखला होता. आयर्विंग यांच्या पुस्तकाने १९४८ साली सामान्य स्वाराला वाचक बनवले. तक्ते बदलण्यावर बंधने असावीत, पण ते वाचण्याचा अधिकार मात्र स्वाराकडे, गावच्या मेकॅनिककडे आणि नागरिकाकडे राहिला पाहिजे.