आवाज गेला कुठे? लिनक्सच्या आवाजाची तीस वर्षं आणि कसाऱ्यातला एक कॉम्प्युटर

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड आवाजाबद्दल आहे. म्हणजे खरं तर, आवाज न येण्याबद्दल.

गोष्ट सुरू होते एका फोनपासून. माझी मामेबहीण कसाऱ्याला राहते, शहापूरला कॉलेजला जाते. तिचा फोन आला. "दादा, कॉम्प्युटरला आवाजच नाही. दुकानवाले म्हणतात मदरबोर्ड गेला. बाबा म्हणतात विकून टाकू."

हा कॉम्प्युटर मीच दिलेला. जुना डेस्कटॉप, विंडोज रखडायला लागलं म्हणून त्यावर लिनक्स टाकलं होतं. तुम्ही म्हणाल, आवाज नाही तर नाही, गाणी फोनवर ऐकायची. पण ती गाणी ऐकत नव्हती. ती स्पोकन ट्युटोरियल बघून स्प्रेडशीट शिकत होती. आयआयटी मुंबईचा हा प्रकल्प प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केला, केंद्र सरकारच्या पैशावर. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, एकदा उतरवून घेतले की नेट नसलं तरी चालतात. आणि त्यातली खुबी अशी की पडद्यावर सगळं इंग्रजीत, पण समजावणारा आवाज मराठीत.

आता बघा. पडदा इंग्रजीत, आवाज मराठीत. आवाज गेला म्हणजे तिच्यासाठी मराठीच गेली. उरला तो नुसता हलणारा माऊस.

शनिवारी कसारा लोकल पकडली. माझा अंदाज होता की मदरबोर्ड बहुतेक धडधाकट असणार. लिनक्समध्ये आवाज सहसा मरत नाही, वाटेत कुठेतरी अडकतो. आणि ती वाट एका माणसानं, एका वेळी बांधलेली नाही. तीस वर्षांत थरावर थर चढले आहेत. म्हणून आज इतिहास सांगतो. तो कळला की दुरुस्ती जवळपास आपोआप कळते.

पहिला थर, 1992. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स आणून जेमतेम वर्ष झालेलं. तेव्हा पीसीमध्ये आवाजासाठी वेगळं कार्ड लावावं लागायचं, सगळ्यात गाजलेलं म्हणजे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर. त्यासाठी हानू सावोलाइनेन या फिनलंडच्याच माणसानं ड्रायव्हर लिहिला. पुढे त्याला ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, हे नाव पडलं. कल्पना एकदम सोपी: आवाजाचं कार्ड म्हणजे एक फाईल. त्या फाईलमध्ये आकडे लिहा, स्पीकर वाजेल. अडचण अशी की साध्या कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्राम ती फाईल उघडू शकायचा. गाणं चालू असताना दुसऱ्या प्रोग्रामला "डिव्हाईस बिझी" एवढंच उत्तर. गावात एकच लाऊडस्पीकर आणि ज्याच्या हातात माईक तोच बोलणार, तसं.

दुसरा थर, 1998. चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव किसेला यांच्याकडे ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नावाचं कार्ड होतं. त्यातलं सगळं सामर्थ्य वापरता यावं म्हणून त्यांनी ड्रायव्हर लिहायला घेतला आणि त्यातून अल्सा जन्माला आलं. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या लिनक्स 2.6 मध्ये अल्सा मुख्य झालं आणि ओएसएस मागे पडलं. अल्सा आजही तळाशी आहे. तुमच्या अँड्रॉईड फोनचा गाभा लिनक्सच, त्यामुळे तिथेही आवाजाचे ड्रायव्हर सहसा अल्साचेच असतात.

पण अल्सानं एक सवय लावली. नवीन बसवलं की सगळे चॅनल म्यूट. पहिल्यांदा वाजताना कर्कश आवाज येऊन कान किंवा स्पीकर जाऊ नयेत, म्हणून ही काळजी. कारण बरोबर होतं, पण किती लोकांनी चांगलं कार्ड बिघडलं समजून रात्री जागवल्या असतील!

तिसरा थर, 2004. जर्मनीचे लेनार्ट पॉटरिंग यांनी पल्सऑडिओवर काम सुरू केलं. हा मधला वाटाड्या. सगळ्या प्रोग्रामचा आवाज गोळा करायचा, एकत्र करायचा आणि हव्या त्या स्पीकरला पाठवायचा. प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येऊ लागला. नोव्हेंबर 2007 मध्ये फेडोरा 8 नं तो पहिल्यापासून चालू ठेवला, एप्रिल 2008 मध्ये उबुंटूनं. आणि तक्रारींचा पाऊस पडला. काही दोष त्याचे स्वतःचे होते, काही खालच्या ड्रायव्हरांचे, जे आजवर कुणी इतके ताणलेच नव्हते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. कल्याणला लाईन फुटते, एक कसाऱ्याला, दुसरी कर्जतला. त्या दुसऱ्या बाजूला, कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत 2007 मध्येच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. एक छोटी शाळा, विसेक मुलं. त्या लॅपटॉपवर फेडोरावर बेतलेलं लिनक्स होतं. स्पीकर, माईक, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची सोय, वाद्यं वाजवायचं टॅमटॅम. म्हणजे शहरातले लोक पल्सऑडिओवरून भांडत होते, तेव्हा आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या पोरांच्या हातात बोलणारं लिनक्स होतं. लिनक्स हा शहरातल्या इंजिनियरांचाच उद्योग, असं कुणी म्हटलं की मला खैराट आठवतं.

चौथा थर पाइपवायर. विम टायमन्स यांनी तो मुळात व्हिडिओसाठी सुरू केला होता, नंतर आवाजही त्यात घेतला. एप्रिल 2021 मध्ये फेडोरा 34 नं पल्सऑडिओच्या जागी तो बसवला. पण गंमत बघा, पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो, म्हणजे जुने प्रोग्राम न बदलता चालतात. आणि शेवटी कार्डाशी बोलायला त्यालाही अल्साच लागतं.

कसाऱ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 1865 मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. वाफ गेली, वीज आली, पण घाटाचा चढ अजून 37 फुटांना 1 फूट. म्हणून आजही कसाऱ्याला थांबून बऱ्याच गाड्यांना बँकर इंजिनं लागतात. वरचं सगळं बदलतं, पण तळाला आहे ते धरूनच पुढे जावं लागतं.

तर पोचलो मामाच्या घरी. चहा झाला, कॉम्प्युटरसमोर बसलो.

आधी स्पीकरची पिन काढून माझ्या फोनला लावली. वाजला. म्हणजे स्पीकर आणि वायर ठीक. मग टर्मिनल उघडून एप्ले, स्पेस, डॅश, लहान एल टाईप केलं. ही आज्ञा अल्साला विचारते, तुला कोणती कार्डं दिसतात? दोन दिसली: एक एचडीएमआय, एक ॲनालॉग. ॲनालॉग दिसतंय म्हणजे मदरबोर्डवरची आवाजाची चिप जिवंत आहे. दुकानातलं निदान तिथेच संपलं.

मग वरचा थर. साउंड सेटिंगमध्ये आऊटपुट बघितलं तर एचडीएमआय. मी विचारलं, "मॉनिटर बदललात का गं?"

"हो ना दादा, जुना गेला म्हणून बाबांनी सेकंडहँड आणला."

जुना मॉनिटर व्हीजीए वायरचा, त्यातून फक्त चित्र जायचं. नवा एचडीएमआयचा, त्यातून आवाजही जातो. कॉम्प्युटरनं गृहीत धरलं की आवाज आता मॉनिटरकडे पाठवायचा. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते! आऊटपुट ॲनालॉगवर आणलं.

तरी शांतता. मामा माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे.

मग अल्सामिक्सर उघडलं, एफ-सिक्स दाबून ॲनालॉग कार्ड निवडलं. 'मास्टर'च्या पट्टीखाली दोन अक्षरं: एमएम. म्यूट. इतक्या दिवसांच्या खटपटीत कुणीतरी म्यूटचं बटण दाबलं असणार आणि सिस्टिमनं ते इमानदारीत लक्षात ठेवलं. एम दाबलं, एमएमचं ओओ झालं. तिने व्हिडिओ लावला आणि खोलीत मराठीत वाक्य ऐकू आलं.

खर्च, लोकलचं तिकीट.

तिने वहीत क्रम लिहून घेतला, तोच तुम्हालाही देतो. आधी वायर आणि स्पीकर. मग कार्ड दिसतंय का. मग आवाज कुठे जातोय. मग म्यूट आहे का. एवढं करूनही नाहीच झालं, तर दुकान.

निघताना मामांनी एकच विचारलं, "इतकं सोपं होतं तर दुकानवाल्याला कसं कळलं नाही?" मी म्हटलं, "मामा, त्याला लिनक्स कुणी दाखवलंच नसेल. त्यात त्याची काय चूक?"

गेल्या आठवड्यात बहिणीचा मेसेज आला. शेजारच्या घरातल्या लॅपटॉपचा आवाज तिने सुरू करून दिला. तिथेही आऊटपुट चुकीचंच होतं. मला विचारलंसुद्धा नाही.

तुमच्या घरी असा 'मेलेला' कॉम्प्युटर असेल तर विकायच्या आधी हे चार टप्पे करून बघा, आणि काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, ऐकत राहा!