भीमाशंकरचें रान

पुण्याच्या वायव्येस, सह्याद्रीच्या ऐन धारेवर, सुमारें ३,००० फूट उंचीवर भीमाशंकर हें लहानसें गांव वसलें आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक येथें असून भीमा नदीहि येथेंच उगम पावते. यात्रेकरू येतात, दर्शन घेतात आणि परततात. देवळाभोंवतालच्या रानाकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष जातें.

देवळाच्या शिखराशीं नाना फडणविसांचें नांव जोडलेलें आहे. आवारांत टांगलेली प्रचंड घंटा पाहून मात्र नवखा माणूस बुचकळ्यांत पडतो. कारण ती ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतली आहे! १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई जिंकली, तेव्हां हस्तगत झालेल्या घंटांपैकीं ही एक होय.

पण या स्थळाचा खरा जुना ठेवा म्हणजे झाडी. या डोंगरांत महादेव कोळ्यांची वस्ती पूर्वापार आहे. गांवोगांवच्या दैवतांच्या नांवें त्यांनीं रानाचे तुकडे राखून ठेविले. त्यांनाच देवराया म्हणतात. देवराईंत कोयता चालवावयाचा नाहीं, हा दंडक कोणत्याहि सरकारी कागदावर नव्हता. तरीहि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. जवळच्या आहुपे गांवीं भैरवनाथाची अशी राई आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला आणि खेडुतांची ही रीत शास्त्रज्ञांच्या चर्चेंत आली.

राज्यकर्त्यांची दृष्टि निराळी होती. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें सरकारच्या राखीव मालकींत जाऊं लागलीं आणि रहिवाशांचे पूर्वापार हक्क सवलती ठरले. काल जो राखणदार, तो आज कायद्याच्या दृष्टीनें आगंतुक! हा अन्याय लहान नव्हे.

पुढें १९८५ सालीं सुमारें १३० चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें मोठें निमित्त म्हणजे शेकरू, ही तांबूस रंगाची मोठी खार. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो हाच. उंच झाडांच्या शेंड्यांत तो घरटीं बांधतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत फिरतो. जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून फांदीला फांदी भिडलेली असेल तेथेंच त्याचा निभाव लागतो. यात्रेच्या सोयीसाठीं रस्ता रुंद करतांना झाडांची एक ओळ पडली, तरी त्याची वाट तुटते.

त्याच झाडींत हिरडा आहे. उन्हाळ्यांत बायका-मुलें हिरडे वेंचतात. त्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं, आणि अनेक घरांची मीठमिरची त्यावर चालते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांतील अशा गौण उपजावर तेथील आदिवासींचा हक्क मान्य केला. १८७८ नंतर तब्बल १२८ वर्षांनीं.