कोट्यातली खुर्ची

माझी भाची गेल्या महिन्यात नव्या नोकरीत रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये कुणीतरी हसत हसत म्हणालं, "यंदा मुलीच घ्यायच्या होत्या ना!" रात्री तिचा फोन आला. "मामा, तीन राउंड देऊन आलेय रे मी." मला चटकन काही सुचलं नाही. नंतर आठवलं ते नॉर्वे.

२००२ साली तिथले व्यापारमंत्री होते आन्सगार गाब्रिएलसेन. पक्ष उजवा, माणूस स्वतः उद्योगातून आलेला. त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं, की कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के बायका हव्यात! तेव्हा हे प्रमाण जेमतेम ६ टक्के होतं. २००३ मध्ये कायदा झाला. आधी म्हटलं, स्वखुशीने करा. कंपन्यांनी अर्थातच पुरेसं केलं नाही. मग २००६ पासून सक्ती आली, मुदत २००८ ची, आणि शिक्षा काय, तर थेट कंपनीच बरखास्त! २००८ पर्यंत ४० टक्के झाले. काही कंपन्यांनी मात्र पब्लिक लिमिटेडपण सोडून पळवाट काढली.

आता मुख्य प्रश्न. धंद्याला फायदा झाला का? २०१२ मध्ये अहर्न आणि डिटमार या अभ्यासकांनी लिहिलं, की शेअरच्या किमती पडल्या, नव्या संचालिकांना अनुभव कमी होता. पुढे इतरांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तर ठळक नुकसान दिसेना. फायदाही दिसेना. आणखी एका अभ्यासात निघालं, की नंतर आलेल्या बायका आधीच्या संचालिकांपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या. पण खालच्या पायऱ्यांवरच्या बायकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

म्हणजे कोट्याने कंपन्या बुडाल्या नाहीत, की सोन्याच्याही झाल्या नाहीत. एक मात्र झालं. "लायक बायका मिळतच नाहीत" हे पालुपद खोटं ठरलं. शोधल्या, तर मिळाल्या. नॉर्वेने २०२३ मध्ये हा नियम मोठ्या खाजगी कंपन्यांपर्यंत नेला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांना निदान एक संचालिका सक्तीची केली. एक! आणि ती पुष्कळदा घरातलीच सापडली.

मला वाटतं, नफ्याचा हिशोब फक्त बायकांकडूनच मागायचा हेच चूक आहे. वर्षानुवर्षं ९४ टक्के पुरुष बसले होते, तेव्हा कुणी विचारलं होतं का, की यांच्यामुळे धंद्याला काय फायदा?

असो. भाचीला एवढंच कळवलंय, "खुर्ची कशी मिळाली ते लोक विसरतील. तू काम कर." हे खरं ठरेल ना? तुम्हाला काय वाटतं?