प्रथिनांचे अतिजलद वर्णपटविज्ञान

प्रथिनांचे अतिजलद वर्णपटविज्ञान ही अत्यल्प कालावधीच्या लेसर स्पंदांच्या साहाय्याने प्रथिनांच्या रेणूंतील हालचाली व इलेक्ट्रॉन स्थानांतरण यांचा अभ्यास करण्याची पद्धत आहे. यात फेमटोसेकंद व पिकोसेकंद या एककांत काळ मोजतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग म्हणजे १ फेमटोसेकंद. १,००० फेमटोसेकंदांचा १ पिकोसेकंद होतो.

पद्धत

लेसर स्पंदाचे दोन भाग केले जातात. पहिला भाग नमुन्यातील रंगद्रव्य उद्दीपित करतो. दुसरा भाग काही विलंबाने तेथे पोहोचतो व नमुन्याचे प्रकाशशोषण किती बदलले हे त्यावरून कळते. हा विलंब अंतराच्या रूपात ठरवतात : आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवल्यास प्रकाशाचा जाण्यायेण्याचा मार्ग ०.३ मिलिमीटरने वाढतो आणि स्पंद सुमारे १ पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. रासायनिक अभिक्रियांच्या अशा अभ्यासाबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इलेक्ट्रॉन स्थानांतरण

जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंच्या अभिक्रिया केंद्रात प्रकाश शोषला गेल्यावर जीवाणू-हरितद्रव्याच्या जोडीतून निघालेला इलेक्ट्रॉन सुमारे ३ पिकोसेकंदांत बॅक्टेरिओफिओफायटिनपर्यंत आणि तेथून सुमारे २०० पिकोसेकंदांत क्विनोनपर्यंत पोहोचतो. मूळ जागी परतण्यास त्याला याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. पुढचा प्रवास परतीपेक्षा जलद असल्यामुळेच शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया न जाता जीवाणूच्या उपयोगी पडते.

अशा स्थानांतरणाचा वेग रूडॉल्फ मार्कस यांच्या सिद्धान्ताने स्पष्ट केला जातो (नोबेल पारितोषिक, १९९२). मात्र त्यात भोवतालचे माध्यम समतोलात असल्याचे गृहीत धरलेले असते. इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांतच स्थान बदलत असेल, तर भोवतालचे प्रथिन व पाणी यांना नव्या विद्युत्‌भाराशी जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. अशा वेळी प्रथिनाची हालचाल आणि इलेक्ट्रॉनचे स्थानांतरण यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. कृष्णमूर्ती यांनी पिकोसेकंद ते नॅनोसेकंद या काळातील प्रतिदीप्तीची मोजमापे केली. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील जयंत उदगावकर यांच्यासह त्यांनी बारस्टार या लहान प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन उलगडताना त्याची संरचना एकदम न मोडता क्रमाक्रमाने नाहीशी होते, असे त्यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले. उदगावकर पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालक झाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात रंगद्रव्यांकडून टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांकडे होणाऱ्या इलेक्ट्रॉन स्थानांतरणाचा अभ्यास झाला. रंगद्रव्याधारित सौर घट याच प्रक्रियेवर चालतात.

हे सुद्धा पहा

प्रकाशसंश्लेषण
प्रथिन
लेसर