घरात पेट्रोल-डिझेल किती ठेवता येतं? जाणून घ्या नियम

फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर टिलर यांच्यासाठी अनेक जण घरात पेट्रोलचा कॅन भरून ठेवतात. मात्र पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार त्याला मर्यादा आहे.

पेट्रोल : विक्रीसाठी नसेल तर एकूण ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. भांडं घट्ट झाकणाचं हवं. धातूचं असेल तर जास्तीत जास्त २५ लिटरचं, काचेचं असेल तर १ लिटरचं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल ठेवू नये.

विक्री : दुकानात एक बाटली विकायची तरी परवाना लागतो.

डिझेल : एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवाना नको, पण एकही टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी नसावी.

ही काळजी घ्या :
- पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत पोचते. कॅन घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.
- इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरा. जवळ बिडी-सिगारेट नको.
- पेट घेतलाच तर पाणी मारू नका, आग आणखी पसरते. कोरडी वाळू किंवा माती टाका. आग मोठी असेल तर लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.