क्लोरोफॉर्म आणि हैदराबादचा कौल
१८४८ साली इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. आधी काय थांबते, श्वास की हृदय? या वादाला पुढे चाळीस वर्षे अंत नव्हता. आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८९ साली डॉ. लॉरी यांच्या पुढाकाराने चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. कौल निघाला: आधी श्वास थांबतो, नाडीकडे पाहूच नका, श्वासावर नजर ठेवा! त्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. श्वास पाहावा हेही खरे; नाडी सोडावी हे मात्र घातक. हलक्या गुंगीतला धोका त्या प्रयोगांत दिसलाच नव्हता. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर तो दाखविला: गुंगी अपुरी असताना अॅड्रेनलिन टोचले, की हृदय एकाएकी नुसते थरथरते आणि बंद पडते.